कोल्हापूर–तिरुपती विमानानं: ४९ मिनिटं की साडेपाच तास?

आमच्या आत्यानं मोबाइलवर शोधलं, कोल्हापूर ते तिरुपती विमानानं किती वेळ लागतो. उत्तर आलं: अंतर ६५५ किलोमीटर, वेळ ४९ मिनिटं. तिनं लगेच मनात गणित मांडलं. दुपारी साडेबाराचं विमान धरलं तर सव्वा-दीडला तिरुपती, वाटेत दोन घास खायचे आणि तीनला रांगेत. तीनशे रुपयांच्या विशेष दर्शनाची तीनची वेळ बघूनही ठेवली आणि मग मला फोन केला, "दर्शनाचं मी बघितलंय, तू तेवढं विमानाचं काढ."

मी तिला सांगितलं ते एवढंच: ६५५ बरोबर आहे, ४९ चूक आहे, आणि आपल्याला जो आकडा हवा तो या दोन्हींत नाहीच. मग संध्याकाळी तिच्याकडे जाऊन कागदावर सगळं मांडून दाखवलं. पहिल्यांदाच छोट्या विमानतळावरून छोट्या विमानतळावर जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून तोच हिशोब इथं लिहितोय. उदाहरण तिरुपतीचं घेतलंय, कारण आपल्याकडून विमानानं पहिल्यांदा जाणाऱ्यांत निम्मे तरी बालाजीलाच निघालेले असतात. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, त्यामुळे हे येणंजाणं आपल्याला तसं परकं नाही.

पहिलं काम: नेमकं कुठून कुठे

विमान शहरातून उडत नाही, विमानतळावरून उडतं. ऐकायला खुळ्यासारखं वाटेल, पण निम्मे घोटाळे इथंच होतात. कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीला आहे, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेलं हे ठिकाण. २०२४ च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिरुपतीचं विमानतळ तिरुपतीत नाही, रेणीगुंट्याला आहे, गावापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. आणि देऊळ तिरुपतीतही नाही, ते वर डोंगरावर तिरुमलाला. म्हणजे "तिरुपतीला पोचलो" या वाक्याचे तीन अर्थ होतात आणि तिन्हींत मिळून दीड-दोन तासांचा फरक पडतो.

तिकीट काढताना नावापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. कोल्हापूरचा केएलएच, तिरुपतीचा टीआयआर. कोड का, तर तेलंगणात नागरकर्नूल जिल्ह्यात कोल्लापूर नावाचं एक गाव आहे आणि अंतर काढणारी यंत्रं स्पेलिंगच्या एका अक्षरानं त्या गावी जाऊन बसतात. तिथून तिरुपती सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. तुमच्या पडद्यावर तीनशेचा आकडा दिसला तर आनंदानं उडी मारू नका, गाव चुकलंय.

दुसरं काम: अंतर स्वतः काढा

हे स्वतः करून बघाच, असा माझा आग्रह आहे. दहावीचं गणित पुरतं आणि एकदा केलं की कुठल्याही दोन गावांचं करता येतं.

नकाशाच्या ॲपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. कोल्हापूर विमानतळ: १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. तिरुपती: १३.६३ उत्तर, ७९.५४ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.०३ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे ३३६ किलोमीटर. रेखांशांतला फरक ५.२५ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश १११ नाही, साधारण १०७ किलोमीटर भरतो. म्हणून पूर्वेकडे ५६२ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण झाला. दोन्ही बाजूंचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ६५५. यंत्र काढतं ते यापेक्षा सूक्ष्म असतं, पृथ्वीची गोलाई धरून, पण एवढ्या अंतराला फरक दोन-चार किलोमीटरचाच पडतो.

वैमानिकांच्या भाषेत हेच अंतर सुमारे ३५४ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. काही ठिकाणी नुसतं "मैल" लिहिलेलं असतं, तेव्हा कुठला मैल ते बघून घ्या. साधा मैल १.६ किलोमीटरचा, आणि दोन्हींची गल्लत झाली तर ६५५ चा आकडा साडेसातशेच्या घरात जाऊन बसतो.

ही सरळ रेष नकाशावर ओढून बघितली तर गंमत दिसते. ती हंपीच्या अगदी जवळून जाते आणि तिचा मध्य जवळजवळ बळ्ळारी शहरावरच पडतो. आपली हरिप्रिया एक्स्प्रेससुद्धा मिरज, बेळगाव, हुबळी करत बळ्ळारीवरूनच जाते. आत्यानं चार-पाच वेळा त्या गाडीनं प्रवास केलाय, तिला हे फार आवडलं. मात्र विमान हीच रेष धरून जाईल असं नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, उतरताना वळसा घालावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडणं होतं.

हवाई अंतरावरून रस्त्याचा अंदाज करायला मात्र जाऊ नका. तिरुपती हवेतून ६५५, रस्त्यानं आठशेच्या वर. पुणे विमानतळ हवेतून २१५ आणि रस्त्यानं थोडंच जास्त, कारण महामार्ग बऱ्यापैकी सरळ उत्तरेला जातो. घाट मध्ये आला की हा हिशोब पार बिघडतो. सिंधुदुर्गाचं चिपी विमानतळ उजळाईवाडीपासून सरळ रेषेत ११० किलोमीटरही नाही, पण घाट उतरून, वळणं घेत जाणारा माणूस ते अंतर वेगळंच सांगेल.

तिसरं काम: विमान कोणतं ते बघा

आता त्या ४९ मिनिटांकडे येऊ. ती आली कुठून? ६५५ ला ८०० नं भागलं. अंतर काढणारी बहुतेक यंत्रं सगळीकडे मोठं जेट विमान उडतंय असं धरून चालतात आणि तेही घरातून निघाल्यापासून ताशी ८०० नं.

छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर-७२ येतं. पंख्याचं विमान, सत्तर-ऐंशी माणसांचं. पंखा दिसला म्हणून घाबरायचं काही कारण नाही. आत तेही जेटचंच इंजिन असतं, ते पंखा फिरवतं. आखूड धावपट्टीवर उतरायला आणि कमी इंधनात कमी अंतर कापायला ते बरं पडतं, म्हणून छोट्या गावांना तेच परवडतं. पण त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसरा प्रकार एम्ब्राएर कंपनीच्या छोट्या जेटचा, पन्नास किंवा पाऊणशे आसनांचा; ते ताशी आठशेच्या जवळ जातं. तिकीट काढताना विमानाचं नाव बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तिथं एटीआर की ई-१७५ ते वाचा.

माझं सूत्र सोपं आहे. अंतराला वेगानं भागा आणि वर वीस मिनिटं घाला. ही वीस मिनिटं म्हणजे जमिनीवरचं चालणं, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, आणि विमानतळाभोवतीचा वळसा. एटीआरला ६५५ भागिले ५०० म्हणजे एक तास १९ मिनिटं, अधिक वीस: एक तास चाळीसच्या आत. छोट्या जेटला पन्नास मिनिटं अधिक वीस-पंचवीस: सव्वा तास. म्हणजे दोन विमानांतला फरक फार तर पंचवीस मिनिटांचा. एवढ्यासाठी दोन हजार रुपये जास्त मोजायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी मोजत नाही. एटीआर खालून उडतं, खिडकीतून नदी, तळी, शेतं दिसतात, आणि पंख विमानाच्या डोक्यावर असल्यामुळे खालचं दृश्य अडत नाही.

चौथं काम: तिकिटावरची वेळ वाचायला शिका

तिकिटावर सुटण्याची वेळ लिहिलेली असते ती विमान जागेवरून हलण्याची. उड्डाणाची नव्हे. आणि पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडे जागेवर थांबण्याची. या मधल्या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर दुसरा रस्ता नसेल तर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथं वळतं आणि मग धावत सुटतं. पहिल्यांदा बसलेल्यांना वाटतं विमान परत निघालं. तसं काही नसतं.

कंपन्या या वेळेत थोडी शिल्लक धरून ठेवतात, म्हणून कधी कधी दहा मिनिटं आधी पोचल्याची घोषणा ऐकू येते. खरी वेळ हवी असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांत ते किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं ते बघा. छापील वेळापत्रकापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. फक्त तिथं वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिसत असेल तर साडेपाच तास मिळवा.

घड्याळ बदलायचं नसतं. सूर्याला मात्र हे मान्य नाही: तिरुपती सव्वापाच अंश पूर्वेला असल्यामुळे तिथली दुपार आपल्यापेक्षा २१ मिनिटं आधी होते. संध्याकाळी उतरलात आणि लवकर अंधारल्यासारखं वाटलं तर ते याच्यामुळे.

पाचवं काम: घरच्या उंबऱ्यापासून मोजा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. आत्याच्या कागदावर मी मंगळवार पेठेतल्या तिच्या दारापासून सुरुवात केली.

मंगळवार पेठेतून उजळाईवाडी: रिक्षानं किंवा गाडीनं अर्धा तास. शाळा-कॉलेज सुटायच्या वेळेला सायबर चौकाकडून जाणार असाल तर आणखी पंधरा मिनिटं धरा. महामार्गानं शाहू नाक्यावरून वळणाऱ्यांनी गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ लक्षात ठेवावी.

विमानतळावर किती आधी? "छोटंसं तर आहे, एवढ्या लवकर जाऊन काय करायचं तिथं?" हे आत्याचं म्हणणं. छोटं आहे म्हणूनच. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि तो उजळाईवाडीलाही तितकाच कडक बंद होतो. शिवाय मोठ्या शहरात विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं. इथं दुसरं परवा असू शकतं. दीड तास आधी पोचा. ओळखपत्र प्रत्येकाचं, मूळ, आणि तिकिटावरच्या नावाशी जुळणारं. आमच्या घरात एकाचं तिकीट माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या नावानं निघालं होतं, दारावर बराच वेळ गेला. आत सोडलं, पण तोवर सगळ्यांचं रक्त आटलं.

मग विमान: एक तास चाळीस मिनिटं. उतरणं आणि सामान: वीस-पंचवीस मिनिटं, छोट्या विमानतळाचा हा मोठा फायदा. रेणीगुंट्याहून तिरुपती गाव: पस्तीस-चाळीस मिनिटं. वर तिरुमलाला जायचं असेल तर डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला गाडीची आणि माणसांची तपासणी, मग घाट. मिळून आणखी तासभर, आणि गर्दीच्या दिवशी तासापेक्षा जास्त.

बेरीज करा. अर्धा तास, दीड तास, एक तास चाळीस, पंचवीस मिनिटं, पस्तीस मिनिटं, एक तास. साडेपाच तासांहून थोडं जास्तच. त्यातला हवेतला वेळ एक तृतीयांशही नाही. साडेबाराच्या विमानानं गेलेली आत्या चारनंतर तिरुमलाला पोचली असती आणि तीनची वेळ गेलेली असती.

तरीही विमान घ्यावं का? या मार्गावर हो. हरिप्रियानं एक अख्खी रात्र गाडीत जाते. आत्याचे गुडघे आता वरच्या बर्थला तयार नाहीत. सहा तास विरुद्ध जवळजवळ एक दिवस, इथं वादच नाही. फक्त दर्शनाची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या.

जे कोल्हापूर शहरातले नाहीत त्यांनी पहिला आकडा स्वतःचा घालायचा. इचलकरंजीकरांना तासभर. गडहिंग्लज, आजऱ्याकडच्यांनी तर कोल्हापूरच का, असा प्रश्न आधी विचारावा. गडहिंग्लजहून बेळगाव जवळपास तेवढंच पडतं आणि बेळगावचं सांब्रा विमानतळ शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर आहे. उजळाईवाडी आणि सांब्रा यांच्यात हवेतून शंभर किलोमीटरही नाहीत. दोन्हीकडची विमानं बघा आणि मग ठरवा. जिल्ह्याच्या अभिमानापोटी तीन तास वाया घालवू नयेत.

थेट विमान नसेल तर

इथं किलोमीटरचा हिशोब पूर्ण कोलमडतो. नांदेडचं उदाहरण घ्या. कोल्हापूर ते नांदेड सरळ रेषेत ४२५ किलोमीटर, तिरुपतीपेक्षा दोनशेहून जास्त कमी. यंत्र सांगेल अर्ध्या तासावर. पण थेट विमान नसेल आणि हैदराबादला बदलायचं असेल तर आधी ४४५ किलोमीटर पूर्वेला जायचं, मग २४५ किलोमीटर परत वायव्येला. ४२५ चे ६९० झाले.

आणि अंतर ही त्यातली लहान अडचण. दोन विमानं दोन कंपन्यांची, तिकिटं वेगळी काढलेली असतील तर हैदराबादला बाहेर येऊन सामान घ्यायचं, पुन्हा काउंटर, पुन्हा तपासणी. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं गेलं तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. मध्ये तीन तास तरी ठेवा. मग दारापासून दारापर्यंत आठ तास होतात, तेही दोन्ही विमानं त्याच दिवशी असली आणि वेळा जुळल्या तर. रस्त्यानं सोलापूर, लातूर करत पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्री आठला बसमध्ये झोपायचं आणि सकाळी नांदेडला चहा प्यायचा. मी डोळे मिटून बस घेईन.

माझी स्वतःपुरती रेघ अशी: थेट विमान असेल तर तीनशे किलोमीटरच्या पुढे विमान, बदलायचं असेल तर सातशेच्या पुढे. त्याच्या आत रेल्वे किंवा बस.

वार आणि हंगाम

छोट्या विमानतळांमधली विमानं रोज असतीलच असं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस असतात. म्हणून तारीख ठरवून विमान शोधू नका, विमानाचा वार बघून तारीख ठरवा. जाण्याचं आहे पण येण्याचं नाही, असंही होतं. मग एका बाजूनं विमान आणि दुसऱ्या बाजूनं हरिप्रिया, हा मेळ वाईट नाही.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मे महिन्याची जागा जानेवारीत बघताना विमान दिसलं नाही तर ते बंद झालं असं नाही, नवं वेळापत्रक लागायचं असेल. उलट, दिसणारं विमानही पुढे बंद होऊ शकतं. उडान योजनेत छोट्या मार्गांना मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. ते संपलं की कंपनी पुन्हा हिशोब करते. या योजनेत भाड्याची मर्यादाही अंतरावरच बेतलेली होती. सुरुवातीला सुमारे तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अनुदानित जागेसाठी २५०० रुपये. काही जागांनाच हा दर असल्यामुळे उशिरा काढणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

जून ते ऑगस्ट कोल्हापुरात ढग खाली येऊन बसतात, आणि थंडीत पंचगंगेकाठचं सकाळचं धुकं असतं. विमान उशिरा निघणं, दुसरीकडे वळवणं, रद्द होणं, सगळं या दिवसांत जास्त. पावसाळ्यात जाणार असाल तर त्याच दिवशीचं लग्न, परीक्षा किंवा दर्शन धरूच नका.

सामान

एटीआरच्या डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची मोठी बॅग हातात घेऊन चढलात तर ती बहुधा काढून घेऊन पोटात टाकतील. साधारण सात किलो हातात आणि पंधरा किलो चेक-इन, नेमकं तिकिटावर वाचा. नातेवाइकांसाठी नेत असलेली कांदा-लसूण चटणी चेक-इन बॅगेत घाला. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत सापडली की तपासणीला अडते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचं उलट आहे, त्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. त्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

येताना लाडू असतात. त्या विमानप्रवासात आत्यानं परतताना बारा जणांचा प्रसाद आणला आणि रेणीगुंट्याच्या काउंटरवर वजन जास्त भरलं. तिनं एक पिशवी माझ्या मामेभावाच्या बॅगेत घातली, एक स्वतःच्या पर्समध्ये, आणि उरलेले चार लाडू तिथंच रांगेतल्या लोकांना वाटून टाकले.